बर्फाच्या कप्प्यातले तेहतीस धोंडे

धोंड्याचा महिना तीन वर्षातून एकदा येतो. त्याला अधिक मास म्हणतेत शिकलेले लोक. त्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला देव मानून ओवाळायचं अन् तेहतीस धोंड्याचं वाण द्यायचं. धोंडा म्हंजी कणकीच्या पारीत पुरण भरायचं, तोंड बंद करून गोल वळायचं अन् उकडायचं, न्हाईतर तळायचं. हातात धरून खायचं. मी आयुष्यात लय धोंडे केले. पण एकदा केलेले अजून डोळ्याम्होरून जात न्हाईत.

विद्यापीठाच्या नावावरून भांडण चालू होतं ती वर्षं. माझा मालक जाऊन चार वर्षं झालते. मी पेडगावची. रोज सकाळी परभणीला जायची, एका कालेजातल्या मास्तरच्या घरी सैपाक करायची अन् दुपारच्या गाडीनं माघारी यायची. एकच लेक, सोनपेठला दिलेली. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण तिच्या सासूनं एकदाबी माहेरी धाडली न्हाई. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई. मी न्यायला गेले की म्हणायची, "रानात काम हाय, म्होरल्या सणाला बघू." मी माघारी यायची. काय करावं? बाईमाणूस, वर रांडमुंड. माझं कोण ऐकायलंय.

आमच्या गावात एक कासारीण होती. तिचं माहेर सोनपेठचं. महिन्यातून दोनदा जायची, बांगड्या भरायची, यायची. त्या साली उन्हाळ्यात ती आली अन् टोपली खाली ठिवली, पण वरचं फडकं सोडलं न्हाई. मी म्हणलं, "काय झालं गं?"

म्हणली, "आक्का, तुझ्या लेकीला बांगड्या भरल्या."

"मग?"

"लेकराच्या मापाची बांगडी काढली. तरी मनगटावर थांबंना. हात वर केला की कोपरापतुर जायलीय."

लेक माझी हाडापेरानं दांडगी होती. लग्नात हिनंच तिला बांगड्या भरल्या होत्या, तवा मोठं माप लागलं होतं.

कासारीण हळूच म्हणली, "सासू पाणी आणायला आत गेली तेवढ्यात बोलली. म्हणली, आईला सांग, धोंड्याच्या महिन्यात नेलं तर नेलं. मग न्यायची गरज पडायची न्हाई." जरा थांबून म्हणली, "आक्का, त्यांच्या मागच्या अंगणात आड हाय. ती बोलत होती ती आडाकडं बघून."

त्या दिवशी मी भाकर केली, खाल्ली, भांडे घासले. रडले न्हाई. रडायला फुरसत पाहिजे.

महिना बसायला आठ दिवस होते. दुसऱ्या सणाला माणूस न्हाई म्हणू शकतो, पण धोंड्याला जावई आला न्हाई तर लोक त्यालाच नावं ठेवतेत. जावई आला की संगं लेक येणारच. अन् एकदा माझ्या उंबऱ्याच्या आत आली की मग मी बघते, असं माझ्या मनात होतं. मी कासारणीच्या हाती सांगावा धाडला. लेकीच्या सासूनं, म्हंजी माझ्या इहिणीनं, उलटा निरोप दिला, "पह्यल्या सोमवारी येतो."

मी सोमवारच्या आदल्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजवली, गूळ घातला, पाट्यावर वाटली. सोमवारी पहाटं न्हाऊन तेहतीस धोंडे केले. इळनमाळ, पार अंधार पडेस्तोवर, दारात बसले. कुणी आलं न्हाई. जेठाचं ऊन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाला तार सुटली, आंबूस वास आला. गायीला घातले.

मी परत सांगावा धाडला. निरोप आला, "बेस्तरवारी येतो, सोमवारी पाव्हणे आलते." परत केले. परत आले न्हाईत. परत गायीपुढं. शेजारीण कुडाच्या पल्याडून म्हणली, "तुझी गाय लय नशिबाची गं, जावयाचा मान तिलाच मिळायलाय!" मला हसू आलं. आता घरात डाळ तेवढीच एका खेपेची राह्यली होती. अन् इहीण कवा येईल ते तिलाच ठावं. मी परभणीला कामावर अन् हे दारात येऊन उभे राह्यले तर? घरात वाण तयार न्हाई म्हणून माघारी फिरायला त्यांना निमित्तच पाहिजे होतं.

मास्तरच्या घरी फ्रीज होता. वरल्या अंगाला बर्फाचा कप्पा, त्याला आतून पांढरं खरवड धरलेलं. मास्तरच्या बाईनं हिवाळ्यातले मटार त्यात ठेवले होते अन् जेठातबी काढून भाजीला घालायच्या. हिरवेगार. मी ते रोज बघायची. त्या दिवशी धीर करून म्हणलं, "बाई, मटार राह्यतेत तसे धोंडे राह्यतील का?"

बाई म्हणल्या, "मावशी, धोंडे कोणी फ्रीजमध्ये ठेवतं का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बांगडीचं सांगितलं. बाईनं उठून बर्फाचा ट्रे बाहेर काढला अन् म्हणल्या, "साहेब सरबताला बर्फ मागतील. मी बघते काय सांगायचं ते. करा तुम्ही."

पह्यले दोन वानगीदाखल करून ठेवले, ते फुटले. पुरण ओलं होतं, त्याचा बर्फ झाला अन् पारी तडकली. मग मी रीत बसवली. डाळ शिजली की फडक्यात बांधून टांगायची, सगळं पाणी गळू द्यायचं. पुरण इतकं आटवायचं की उलथनं मधी उभं केलं तर उभं राह्यलं पाहिजे. कणकीत कडक तेलाचं मोहन घालायचं. धोंडा मोठ्या लिंबायेवढाच वळायचा, तोंड बोटानं दाबून वर पीठ लावायचं. वाफ द्यायची ती अर्धीच. मग पार थंड करायचे, ऊन ठेवले की घाम येतो. ताटात सुटेसुटे मांडायचे, एकमेकाला शिवू द्यायचे न्हाईत. गोटीवानी टणक झाले की मग पिशवीत भरायचे. खायच्या आधी बाहेर काढून ठेवायचे, सैल झाले की मंद आचेवर तळायचे. हे शेवटचं ध्यानात ठेवा. माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई.

तेहतीस केले. करताना जावयाचं नाव घेऊन वाण काढलं. एकदा नावानं काढलेलं वाण मोडता येत न्हाई, दुसऱ्याला देता येत न्हाई, असं माझी सासू सांगायची. शिळं वाण देऊ न्हाई असंबी सांगायची. मी एक ऐकलं अन् एक सोडलं.

मग रोज जायचं, कामं करायची अन् फ्रीजकडं बघायचं. एक दिवस सकाळपासून लाईट गेली. उन्हानं भिंती तापलेल्या. मी दोनदा दार उघडून बघितलं. बाई वरडल्या, "मावशी, जेवढं उघडाल तेवढं पाणी होईल!" मग मी दाराला पाठ लावून बसले, जसं काय कुणी चोरून न्यायलंय. चार वाजता लाईट आली. फ्रीज घरघरला तवा मी उठले. त्या दिवशी माझी दुपारची गाडी गेली, मी पायी पेडगावला आले.

कासारीण त्या महिन्यात माझा सांगावा घेऊन आणखी एकदा जाऊन आली. इहिणीनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. म्हणली, "सुनेला बांगड्या नगं. अन् तिच्या आईला सांग, येतो." कवा येतो ते सांगितलं न्हाई. कासारीण मला म्हणली, "आक्का, ती येणार न्हाई गं. तिला महिना काढायचाय." तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. महिना अवसेला सरतो. अवसेचा दिवस मावळला की धोंड्याचं वाण देता येत न्हाई, मग तीन वर्षं थांबायचं. माझी लेक तीन वर्षं तग धरणार न्हवती. तीन महिनेबी धरणार न्हवती.

अवसेच्या दिवशी मी ठरवलं, ते येत न्हाईत तर मीच वाण घेऊन जाते. जावयाला त्याच्या दारात जाऊन ओवाळते. वाण दिलं की लेकीला चार दिवसासाठी धाडा असं म्हणायचा मला हक्क होता. वाण घेतलं अन् लेक धाडली न्हाई, असं पंचासमोर सांगता तरी आलं असतं.

सकाळी बाईकडं गेले. पिशवी काढली. बाहेर आग पडायली. मला एकच भेव, रस्त्यात इरघळले तर फुटून काला होईल. म्हणून बर्फवाला लादी बांधतो तसं मी बांधलं. डालग्यात खाली भुसा, त्यावर बर्फाचे तुकडे, मधी पिशवी, वर परत बर्फ अन् भुसा, वरून ओलं पोतं शिवून घेतलं. बाईनं जावयाला टावेल-टोपी दिली. म्हणल्या, "मावशी, काहीही करा, घेऊन या तिला."

सोनपेठची गाडी निघाली, पण अर्ध्या वाटेवर थांबली. म्होरं रस्त्यावर बाभळीचे फांदे टाकलेले, टायर जळायलेले. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे का बदलू नका म्हणणारे, ते मला कळलं न्हाई. गाडीतले लोक आपसात तावातावानं बोलायले. एक म्हातारा म्हणला, "अरे, नाव कायबी द्या, पण गाडी सोडा, माझ्या म्हशीला दिवस भरलेत." लोक हसले. मी हसले न्हाई. सूर्य माथ्यावरून कलायला लागला होता. मी डालग्याला हात लावून बघायची, पोतं गार लागायचं, मला बरं वाटायचं. तिथंच उसवून धोंडे मोकळे केले असते तर सोनपेठला जाईपतुर सैल झाले असते. पण महिनाभर मी एकच गोष्ट केली होती, गार ठेवायचं. दुसरं काही सुचलंच न्हाई.

पोलिस आले, रस्ता मोकळा झाला. सोनपेठला उतरले तवा दिवस मावळायला तासभर होता. इहिणीच्या घरी गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली. मला बघून उठली न्हाई. म्हणली, "या. पाणी घ्या." तिला ठावं, आमच्यात रीत हाय, लेकीला लेकरू झाल्याबिगर मी तिच्या घरचं पाणी पेत न्हाई. दिवसभर पाण्याचा घोट न्हवता पोटात, घशाला कोरड पडली होती. मी नगं म्हणलं.

"जावयाचं वाण आणलंय," मी म्हणलं. "तेवढी चूल द्या, तळून घेते."

"आमची चूल सोवळ्याची हाय. बाहेरच्याचा हात चालत न्हाई."

तेवढ्यात लेक दारात आली. हातात झाडणी. मी तिला बघितलं. कासारणीनं कमीच सांगितलं होतं. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे आत. मला वाटलं पळत येईल. ती जागची हालली न्हाई. म्हणली, "आलीस? महिना सरता सरता?" अन् आत निघून गेली. मला काही उमगंना, ही माझ्यावर का रागावली.

मी डालगं उचललं, ष्ट्यांडवर गेले. तिथं एक हाटेल होतं. हाटेलवाल्याला म्हणलं, "भाऊ, जावयाचं वाण हाय, तेवढं तळून दे, दिवस मावळायच्या आत." त्याच्या कढईत भजे चालू होते, तेल धूर सोडायलेलं. त्यानं भजे काढले, मी पोतं उसवलं, पिशवी उलटी केली. धोंडे दगडावानी टणटण वाजले. तो म्हणला, "मावशी, हे कुठून आणलं, हिमालयातून?" दोन मिनिटात सगळे लालबुंद झाले. वरून असे टम्म दिसायले की मला जीव आला. परातीत मोजले. तेहतीस. एकबी फुटला न्हवता.

परत गेले. जावई रानातून आलता, हातपाय धुऊन ओसरीवर बसला होता. शेजारच्या दोघी बघायला आल्या. मी त्याला कुंकू लावलं, टावेल-टोपी दिली, ओवाळलं. परातीत धोंडे, वर पिठाचा दिवा. त्याच्या हातावर पाणी सोडलं. अजून ऊन शेंड्यावर होतं. मी मनात म्हणलं, साधलं.

इहिणीनं परात ओढली. एक धोंडा उचलला अन् सगळ्यांसमोर मोडला. वाफ निघाली न्हाई. तिनं मधलं पुरण बोटानं दाबलं, मग जिभंवर ठेवलं. अन् हसली.

"बघा गं बायांनो," म्हणली, "वरून ऊन अन् आतून मढ्यावानी गार! ह्याच्यात बर्फ हाय. किती दिवसाचं उचलून आणलंस गं? जावयाला शिळं वाण घालतीस?"

शेजारणी एकमेकीकडं बघायल्या. जावयानं परात पायानं जराशी पल्याड सारली. मी खाली बघितलं. मला वाटलं, संपलं. आता ही लेकीला कायमची डांबणार, आईनं शिळं वाण दिलं म्हणून जन्मभर ऐकवणार. खोटं बोलावं असं आलं मनात. पण तोंडात थुकाबी न्हवता खोटं बोलायला.

मी म्हणलं, "एकवीस दिवसाचं हाय. इहीणबाई, तुमीच येतो म्हणलात. पह्यल्या सोमवारी येतो म्हणलात, केले. बेस्तरवारी येतो म्हणलात, परत केले. ते नासले. मग मी मास्तरच्या घरी बर्फात ठेवले. तुमी आज याल, उद्या याल म्हणून रोज बघत होते. एकवीस दिवस."

आतून झाडणी पडल्याचा आवाज आला.

लेक बाहेर आली. माझ्याकडं न्हाई, परातीकडं बघत आली. इहिणीच्या हातातला अर्धा धोंडा तिनं सरळ काढून घेतला अन् तोंडात घातला. दाताला गार लागलं तसं तिनं डोळे मिटले. चावत राह्यली. गिळून झाल्यावर म्हणली, "आई, तू बोलावलं होतंस?"

"तीनदा."

"सासूनं सांगितलं, तुझ्या आईनं सांगावाच धाडला न्हाई. म्हणली, तिला तू नगं झालीस."

इहीण म्हणली, "आता लागली आईची कड घ्यायला. चल आत."

लेक आत गेली न्हाई. ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात उभी राह्यली. अंगावर एक लुगडं, पायात काही न्हाई. जावई पह्यल्यांदा बोलला, "आज गेलीस तर परत घेणार न्हाई."

खरं सांगते, मी चल म्हणलं न्हाई. माझं धाडस झालं न्हाई. मी चार दिवसासाठी मागायला आलते, कायमचं न्यायला न्हवते आले. भावकी काय म्हणंल, दोघींचं पोट कसं भरंल, हे सगळं एका दमात डोक्यात आलं. मी तशीच बसून राह्यले. लेकच म्हणली, "आई, ऊठ. गाडी जाईल."

मी उठले. परातीतले धोंडे पदरात घेतले. दिवा तिथंच ठेवला. इहीण मागून म्हणत होती, "वाण माघारी न्यायली, बघा गं, दिलेलं वाण माघारी न्यायली!" ते खरंच होतं. असं कुणी करत न्हाई.

ष्ट्यांडच्या नळाला तोंड लावून मी पाणी पेले. पोट फुटंस्तोवर पेले. परभणीची शेवटची गाडी लागली होती. बसलो. लेक माझ्या पदरातून धोंडे घेऊन खायला लागली. एक, दोन, तीन, चार. बोलंना, बघंना, नुसती खायलीय. आतून गारच होते अजून. पाचवा घेतला तवा मी हात धरला. म्हणलं, "बाई, दमानं. आतडं आखडलंय तुझं, त्रास होईल." तिनं हात सोडवला अन् पाचवाबी खाल्ला. मग खिडकीला डोकं लावून वकारी काढली सगळी. मी पाठीवर हात फिरवत राह्यले. पाठीची माळ हाताला लागायली, मणी मोजावेत तशी.

गावात बोलायचं ते बोलले. धोंड्याच्या महिन्यात लोकाच्या घरी जावई येतो, हिच्या घरी लेक माघारी आली. दीर दोनदा येऊन बसला, "वहिनी, सोडून ये तिला, घराण्याची इज्जत गेली." मला फिकीर न्हवती असं न्हाई. लय होती. एकदा तर मी तिचं गाठोडं बांधलंबी होतं. तिनं ते बघितलं अन् आडावर पाणी आणायला गेली. मी मागं पळत गेले. ती नुसतं पाणी शेंदायली होती. मी गाठोडं सोडलं.

सासरचं कुणी न्यायला आलं न्हाई. नंतर जावयानं दुसरी केली.

दिवाळीच्या आधी कासारीण आली. लेकीचा हात धरला, लेकराच्या मापाची बांगडी काढली. ती चढंना. कासारणीनं दुसरी काढली, तीबी बोटाच्या सांध्यावर अडली. ती माझ्याकडं बघून म्हणली, "आक्का, हिचं माप माझ्या टोपलीत खाली हाय, थांब." अन् वरच्या सगळ्या बांगड्या बाजूला काढून ती खालून शोधायला लागली.